आधी माझ्या तोंडात

घोडीनं पुन्हा मान झटकली. लगामाची लोखंडी कडी हातातून निसटून खणकन फरशीवर पडली.

"झालं!" मुलगी म्हणाली. तिनं घोडीच्या तोंडाभोवतीची मोरखी घट्ट धरली होती, म्हणून निदान घोडी तरी जागेवर राहिली.

चाबुकस्वारानं कडी उचलली. सगळे त्याला चाबुकस्वार म्हणत, पण घोडे शिकवताना चाबूक त्यानं जन्मात हातात धरला नव्हता. त्याचा एकच नियम होता आणि तो त्यानं आपल्या दोन्ही मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवला होता. घोड्याच्या तोंडात जे घालायचं, ते आधी आपल्या तोंडात धरायचं. लोखंड गार असेल, कुठं धार आली असेल, तर आपल्याला आधी कळतं. त्यानं कडी धुतली आणि बायकोपुढे केली. तिनं बरणीतला मध बोटानं कडीला फासला. हे काम लग्न झाल्यापासून तिचंच. त्यानं कडी दातांत धरली, ऊब येईपर्यंत तशीच ठेवली आणि घोडीपुढे नेली. घोडीनं नुसतं हुंगलं आणि कान मागे पाडले.

अशी घोडी त्यानं पाहिली नव्हती. एरवी इतकी गुणी, की पाठीवर पोतं टाकलं तरी चारा खात राहायची. खोगीर तर तिनं एका सकाळीत मानून घेतलं. कडी मात्र पहिल्या दिवशी तोंडात घेतली ती लगेच टाकली आणि तेव्हापासून दात उघडायला तयार नाही. घोडीचे मालक आज बघायला येणार होते. आजही जमलं नाही, तर घोडी नदीपलीकडच्या माणसाकडे जाणार होती. तो वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळायचा. त्याच्या हातचा घोडा कडी घ्यायचा, पण पुढं जन्मभर माणसाचा हात तोंडाजवळ आला की थरथरायचा.

आणि जमलं, तर तिच्या पाठीवर पहिल्यांदा मुलगी बसणार होती.

नव्या घोड्यावर पहिल्यांदा बसायचं काम आधी थोरल्या मुलाचं होतं. एका तरण्या घोड्यानं त्याला कुंपणावर फेकलं. आता तो मागच्या खोलीत पडून असतो, कूस बदलायलाही आईला हाक मारतो. त्या दिवसापासून आईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची, बस.

पण या घोडीचं काम सुरू झालं आणि ती बदलली. स्वतः चहा घेऊन तबेल्यात यायला लागली. झोपताना त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागली. परवा ती भाजीत मीठ घालायलाच विसरली, तर त्यानं मुकाट्यानं तीच भाजी मागून घेतली. तेव्हा ती चक्क हसली. चाबुकस्वाराला वाटलं, चला, बाईचा राग निवळला एकदाचा. का निवळला, हे विचारायच्या फंदात तो पडला नाही. कोणता शहाणा नवरा पडेल?

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. मालक आले होते.

"आता तू घाल," तो मुलीला म्हणाला. "तुझा हात हलका आहे. बसायचंही तुलाच आहे."

"तिला नका देऊ," आई एकदम म्हणाली. "तुम्हीच घाला."

पण कडी मुलीच्या हातात गेली होती. नियमाप्रमाणे तिनं ती आधी तोंडात धरली. दुसऱ्याच क्षणी ती वाकून थुंकत होती. खोकली, बाहीनं जीभ पुसली, डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा, कडूजहर आहे हे!"

"काहीतरीच काय! आत्ता माझ्या तोंडात होती ती."

"घोड्यांनी दारं कुरतडू नयेत म्हणून आपण लाकडाला लावतो ना, ते औषध आहे. मीच तर लावते. मला कळत नाही होय?"

त्यानं बायकोच्या हातातल्या बरणीत बोट बुडवलं आणि चाटलं. पुन्हा चाटलं. मग तो भिंतीला टेकला. थंडीत आलेल्या तापानंतर त्याच्या जिभेची चवच गेली होती. मध, मीठ, लोखंड, सगळं सारखंच. घरात एक अंथरुणाला खिळलेला असताना आपलं रडगाणं कशाला, म्हणून तो कुणापाशी बोलला नव्हता.

"मला चव लागत नाही," तो म्हणाला. "तापापासून."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला.

मुलीनं कडी नळाखाली खसाखसा घासली, तोंडात धरून पाहिली आणि घोडीच्या जबड्यात कडेला दात नसतात त्या मोकळ्या जागेत अंगठा सरकवला. घोडीनं आधी नाक फिरवलं. मग हुंगलं, तोंड उघडलं आणि कडी जिभेवर घेऊन निवांत चघळायला लागली. सगळे ज्याची वाट बघत होते ते झालं होतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पोरीला त्या पाठीवर बसू द्यायचं नव्हतं म्हणून बायकोनं मधात ते औषध कालवलं होतं, एवढं चाबुकस्वाराला आता कळलं.

"अगं, मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं?" ती म्हणाली. "रोज ते कडू तोंडात धरून तुम्ही माझ्याकडे बघत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. मला वाटलं, आपण दोघं मिळून करतोय."