गोंधळाला या

“देवाला आवतण दिलंस तर बसायला पाट दे. उभा ठेवू नकोस,” बाप बजावायचा. महोत्सवात संबळावर काठी पडली, आणि म्हाळू गोंधळ्याला तोच आवाज ऐकू आला. त्यानं गावोगावच्या देवी नावं घेऊन गोंधळाला बोलावल्या. कथा सुरू करणार, तोच माइक बंद झाला.

“मामा, जुनं झालं. आता नवं! जुन्या-नव्याचा मेळ साधायचाय ना,” संयोजक हसला.

म्हाळूचा मुलगा गिटार घेऊन आला. बापाचंच आवाहन त्यानं ढणढणत्या ठेक्यावर घेतलं. नऊवारीतल्या पोरी बूट घालून नाचल्या; देवीसाठी मंचावर मांडलेल्या चौकातले पूजेचे तांदूळ पायाखाली चिरडले. एकीनं अंगात आल्याची नक्कल केली, तशा शिट्ट्या पडल्या.

मुलगा घामाघूम होऊन खाली उतरला. “कसं झालं, आबा? पुढच्या वर्षी अख्खा गोंधळच माझ्याकडं द्या की!”

पोराचा हुरूप मोडू नये म्हणून म्हाळू आजवर “झ्याक” म्हणत आला होता.

“गळा माझ्यापरीस गोड हाय तुझा,” तो म्हणाला. “पण तू आईला हाक मारतोस तवा वाटतं, तिनं येऊ नये.”