घरातला ग्लास

थोरल्या दिरांनी बिअरचा ग्लास पंधरा वर्षांच्या पुतण्यापुढे सरकवला आणि टेबलाभोवती हशा पिकला.

"फुटबॉलचा कप्तान झालास ना? मग घे! बाहेर चोरून शिकण्यापेक्षा घरात शिकलेलं बरं."

मुलानं ग्लास उचलला. आईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

या घरात थोरल्या दिरांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. सासरे लवकर गेले. धाकट्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं ते यांनीच. पुढे भावाची दारू हाताबाहेर गेली, तेव्हा त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं तेही यांनीच. त्याची दारू सुटून आता आठ महिने झाले होते. तो मान खाली घालून जेवत होता.

"अगं, एवढ्याशा बिअरनं काय होतंय?" दीर म्हणाले.

"भाऊजी, मी आता त्याच केंद्रात केसपेपर लिहिते." तिनं ग्लास हातातून सोडला नाही. "पहिल्यांदा कधी घेतली, हे प्रत्येकाला विचारते. चौदा. पंधरा. एक तर तेरा म्हणाला. डॉक्टर म्हणतात, या वयात मेंदू अजून घडत असतो. तेव्हा लागलेली चटक खोलवर रुजते. मग सोडवता सुटत नाही."

दिरांचा चेहरा लालबुंद झाला. "या घरासाठी हाडाची काडं केली मी! आणि तू मला शिकवतेस?"

"हो, शिकवते." ती उठली आणि ग्लास सिंकमध्ये ओतून आली. "उद्यापासून आमच्याशी बोलू नका हवं तर. पण माझ्या मुलाला हे मिळणार नाही."

दीर भावाकडे वळले. "ऐकतोयस ना? आवर तुझ्या बायकोला!"

अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं भावापुढे कधी ब्र काढला नव्हता. आताही तो आपल्यालाच गप्प करणार, असं तिला वाटलं. तो खुर्ची सरकवून उठला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दादा, हे मी तिलाही कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मला पहिली तूच पाजलीस. मी पंधराचा होतो."