कोमट बाटली

बाटली कोमट पाहिजे, गार असली की नम्रता मॅडमना लगेच कळतं, हे आयुषनं आईला तीनदा बजावलं होतं. म्हणून विश्रांतवाडीपासून स्कूटरवर मागे बसून शैलाताईंनी ती पदराखाली, पोटाशी धरून आणली. व्यसनमुक्ती केंद्राच्या जिन्यात लेकाच्या हातात दिली. देण्याआधी मनगटाला लावून बघितली. तो तान्हा असताना दुधाची बाटली बघायची, तशीच.

आजची लघवी साफ निघाली की सलग तिसरी. तीन साफ रिपोर्ट दाखवले तर चाकणची कंपनी त्याला परत घेणार होती. पहिले दोन खरेच साफ होते. मग परवा मित्राचा वाढदिवस आला आणि पठ्ठ्यानं पुन्हा एमडीची पूड मारली.

काल त्यानं आईचे पाय धरले. ती म्हणाली, माझी नको रे, दुसऱ्या कुणाची घे. लाजत असेल, असं त्याला वाटलं.

"आई, तू जन्मात कधी सुपारी चघळली नाहीस. तुझ्याइतकं साफ अख्ख्या गल्लीत कोणंय?"

ते खरंच होतं. विहारात पंचशील म्हणताना, नशा करणार नाही हे पाचवं शील आलं की तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. अशी साधी बाई. रात्री पडली की ढिम्म हलायची नाही. आयुषला सटकायला ते बरं पडायचं.

बाथरूमचं दार लावून तो दोन मिनिटं नुसताच उभा राहिला. बाटली घेऊन बाहेर आला. मॅडमनी बाटलीला हात लावला, मान हलवली, पट्टी बुडवली. आज दाढीबिढी केलीस, पोरगी बघायला चाललायस का, असंही विचारून झालं. आई शेजारच्या खुर्चीत पदराचं टोक पिळत बसलेली.

"एमडी नाही. शाबास," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पट्टी चष्म्याजवळ नेली. "झोपेच्या गोळ्या मात्र आहेत. वा. एक सोडलं, दुसरं धरलं. कधीपासून घेतोयस?"

गोळीला आयुषनं कधी हातही लावला नव्हता. घेत नाही म्हणावं, तर बाटली कुणाची ते सांगावं लागणार. घेतो म्हणावं, तर चाकण गेलं. त्यानं आईकडे बघितलं. आजवर प्रत्येक वेळी तीच त्याच्या वतीनं खोटं बोलली होती.

आई बाटलीकडे बघत होती.

"दीड वर्ष झालं, मॅडम. ह्याचं कळलं त्या दिवसापासून. आधी मी अर्धी घ्यायचे, आता तीन लागतात. माझंपण नाव लिहून घ्या."