घासलेली मडकी

जुनी खापरं तपासून रोमन लोक कुठून कुठे तेल विकायचे ते शोधणं, हा केयाच्या पीएचडीचा विषय. तेल मातीत किती मुरतं ते पाहायला तिने बाबांच्या वेस्ट विंडसरमधल्या घरी, गराजमध्ये, तशाच मातीची मडकी वर्षभर ऑलिव्ह ऑइलने भरून ठेवली होती. त्या दिवशी मडकी रिकामी करून ओट्यावर ठेवली आणि केया स्वतःचं आवरायला गेली. परत येऊन पाहते तर बाबांनी सगळी लख्ख घासून पालथी घातलेली.

"बाबा! माझा डेटा धुऊन टाकलास!"

"तेलकट होती गं. डिशवॉशरचा भरवसा नाही, म्हणून हाताने घासली."

केया मडकी घेऊन लॅबमध्ये गेली. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"बाबा, तेल सापडलं. एवढं घासूनही आत मुरलेलं गेलं नाही."

"सुटलो बाई!"

"कुठला सुटतोस! आमच्या म्युझियममधली रोमन खापरं धुतलेली, म्हणून मी सोडून दिली होती. आता तीही तपासणार. पण आधी खात्री करायचीय. शनिवारी लॅबमध्ये ये, तेल मुरलेली आणखी मडकी आहेत. येताना तुझी घासणी आण."