दादाची गोटी

"घर घेणं हा बायकांचा प्रांत नव्हे," दादाने उंबरठ्यावर उभं राहून जाहीर केलं आणि पायपुसण्याला अडखळून तो थेट हॉलमध्ये आला. या प्रांतातला त्याचा स्वतःचा अनुभव असा, की लग्नापासून तो सासऱ्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होता. भाडं द्यावं लागत नसे. त्याबदल्यात तो सासऱ्यांना सल्ला देई.

चिमीने, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीने, पायपुसणं सरळ केलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. समोरच्याला काय दिसत नाही, हे शांतपणे ऐकून घ्यायची तिला सवय आहे. शिवाय दादाला बोलावलं होतं तिनेच. "घर घेतलंय, बघायला ये," असं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. दादाने त्याचा अर्थ 'घर पसंत पडलंय' एवढाच लावला, कारण व्यवहार करणार तर तो होता.

तिच्या पर्समध्ये दोन किल्ल्या होत्या. संसार होता तेव्हा कपाटाची किल्ली नवऱ्याकडे असे. घटस्फोट झाल्यावर पासबुक दादाकडे गेलं, तिला व्यवहार कळत नाही म्हणून. ते परत मिळवायला घटस्फोटापेक्षा जास्त चिकाटी लागली. आता तिला एवढंच हवं होतं, की या दाराच्या दोन्ही किल्ल्या आपल्याकडे राहाव्यात आणि दादाशी भांडणही होऊ नये. दोन्ही एकदम जमेल अशी तिला फारशी आशा नव्हती.

दादाने खिशातून गोटी काढली. कुणाचंही घर बघायला जाताना गोटी न्यायची, ही त्याची पद्धत. नातेवाइकांची बरीच घरं त्याने या एका गोटीवर मोडीत काढली होती. हॉलच्या मधोमध ठेवली, तर ती जागची हलेना. त्याने पायाने किंचित मदत केली. चार बोटं जाऊन ती थांबली. मग तो गॅलरीत गेला. तिथे मात्र गोटी सुटली ती थेट कोपऱ्यातल्या जाळीपाशी.

"बघ. जमीन कललीय."

"गॅलरीला उतार मुद्दाम देतात, दादा. नाहीतर पाणी घरात येईल."

"हे तुला बिल्डरने पढवलं," म्हणत त्याने गोटी उचलून खिशात टाकली आणि स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला.

तिथे ओट्याखालून एक गृहस्थ पाना घेऊन बाहेर येत होते. घरात दुसरा पुरुष तेवढाच दिसला, तेव्हा घर त्यांचंच असणार, हे दादाने ओळखलं. त्यांनी तोंड उघडलं तसा दादाने हात वर केला. बाईशी काय ठरलं ते विसरा, म्हणाला. जमीन कललेली आहे, भिंत पोकळ वाजते आणि हा नळ गळतो. यातलं शेवटचं त्या गृहस्थांनी मान्य केलं. चिमीने दोनदा "अरे दादा" म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा तिला मध्ये पडू नकोस असं सांगण्यात आलं. अखेर ठरलेल्यातले वीस टक्के सोडा, यावर दादा अडून बसला. गृहस्थांनी चिमीकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि सोडले म्हणाले.

आयुष्यात दादाचं म्हणणं इतक्या लवकर कुणी ऐकलं नव्हतं. तीस का नाही मागितले, याची चुटपुट त्याच्या तोंडावर दिसली.

"बघितलंस? याला व्यवहार म्हणतात."

"बरं झालं बाई. सिंक बसवायचे हे फारच सांगत होते," चिमी म्हणाली. "दादा, हे प्लंबर आहेत. घर गेल्या महिन्यातच माझ्या नावावर झालं."

प्लंबरने मान हलवून दुजोरा दिला आणि तो पुन्हा ओट्याखाली गेला.

दादाने मग एकेक विचारून पाहिलं. कागद कुणी वाचले, भाव कुणी पाडला, हप्ते कोण भरणार. उत्तर दर वेळी एकच येत होतं, आणि ते तो नव्हता.

"बँकेने विचारलं नाही, घरात कुणी पुरुषमाणूस नाही का म्हणून?"

"विचारलं की. म्हटलं, एक होता, तो फेडून झाला."

ओट्याखाली पाना पडल्याचा आवाज आला.

दादाने चष्मा काढून पुसला. तोही चिमीनेच सवलतीत करून दिलेला. राज्य गेलं तरी एखादा किल्ला राखावा, तशा सुरात तो म्हणाला, "ठीक आहे. पण एक किल्ली माझ्याकडे असू दे. एकटी बाई, उद्या काही झालं तर?"

चिमीने पर्सची चेन ओढली. "बेल बसवलीय, दादा. तू वाजव, मी उघडेन."

'आता खालची ओळ वाचा' हे ती दुकानात ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिने हे सांगितलं. त्या आवाजाशी भांडता येत नाही.

आता दादाला तातडीने काहीतरी खोट सापडणं गरजेचं होतं. गॅलरीचं काचेचं दार त्याने हलवून पाहिलं. हे लॅच अगदीच तकलादू आहे, चोराला एक धक्का पुरे, थांब दाखवतोच, असं म्हणत तो बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. खट्. त्याने एक धक्का दिला. मग खांदा लावला. मग चष्मा खिशात ठेवून दोन्ही हात लावले.

प्लंबर हात पुसत येऊन उभा राहिला. "लॅच चांगलं लागलंय," तो म्हणाला.

चिमी हॉलच्या मधोमध उभी होती. चारही भिंती तिच्या होत्या, पायाखाली गोटीसुद्धा हलणार नाही अशी सपाट जमीन होती, आणि दादा बाहेर होता. किती तरी वर्षांनी तिला कसं मोकळं मोकळं वाटलं.

गॅलरीत बेल नव्हती. दादाने खिशातून गोटी काढून काचेवर हळूच टकटक केली.

"चिमे," तो काचेपलीकडून म्हणाला, "तेवढं दार उघडतेस का जरा?"