उजवीकडचं बेअरिंग

"आवाज माझ्या खालून येतोय," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"उजवीकडून," दादा म्हणाला. "मागचं उजवं चाक. उस्तादांनी स्वतः सांगितलं होतं."

स्टिअरिंग दादाच्या हातात होतं, ती शेजारी, डाव्या सीटवर. दादाच्या उस्तादांची, म्हणजे तिच्या बाबांची जुनी पिकअप खडखडत चालली होती आणि मागून एक घुमणारा आवाज वेगाबरोबर चढत होता. दादाने गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन मंदावलं. आवाज तसाच.

"म्हणजे गिअरचा नाही. बेअरिंगच. चाक फिरतंय तोवर ओरडणार."

"ते शेंबडं पोरही सांगेल. मग वर्षात दोनदा बदललंत ते काय होतं?"

दादाने गाडी परत गिअरमध्ये टाकली. तो तिचा सख्खा भाऊ नव्हे, पण त्याने बाबांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढली होती, आता गॅरेज तोच बघत होता. तिला सायकल त्यानेच शिकवली होती. आज मात्र तिची जीभ कात्रीसारखी चालत होती.

"गाडी विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चक्कर मारून आलं आणि हात जोडून गेलं. आधी आवाज घालवा म्हणे. मला ही गाडी दारात नकोय, दादा."

"अगं, उस्तादांची गाडी..."

"म्हणूनच नकोय."

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. तिचा राग त्याहून जुना होता.

आठ महिन्यांपूर्वी ती दोन दिवस माहेरी आली होती. नवऱ्याचं घर सोडायचं मनाशी ठरलं होतं, पण कुणाजवळ बोलली नव्हती. परतताना बाबा याच गाडीतून तिला बसथांब्यावर सोडायला निघाले. तोंडाकडे बघून बोलायचा धीर नव्हता, म्हणून खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "बाबा, मी परत येऊ का? कायमची?"

बाबांनी गिअर बदलला.

तिने पुन्हा विचारलं. बाबा समोरचा रस्ता बघत राहिले. चौकात गाडी थांबली तशी ती पिशवी घेऊन उतरली आणि दार आपटलं. नंतर बाबांचे फोन आले, तिने उचलले नाहीत. मग एके दिवशी फोन दादाचा आला, तो तेवढा उचलला.

दादाने मोकळ्या रस्त्यावर गाडी उजवीकडे वळवली. घुमणं वाढलं. डावीकडे वळवली. कमी झालं. त्याने पुन्हा तसंच करून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकावर येतो," तो स्वतःशीच पुटपुटला.

गॅरेजमध्ये त्याने गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अ‍ॅक्सलच्या नळीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि उजवं चाक हाताने फिरवलं. काही नाही. डावीकडे गेला. तिथेही चाक फिरवून मूठ कानाला लावली, मग ती तिच्यापुढे धरली.

"ऐक."

तिने मूठ कानाला लावली. दाताखाली खडे रगडावेत तशी करकर थेट डोक्यात गेली.

तासाभराने डावं बेअरिंग बाहेर आलं. रोलर तापून निळे पडलेले, अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. दादाने फळीवरचा डबा उतरवला आणि आधी काढलेली उजवीकडची दोन्ही बेअरिंगं त्याच्या शेजारी ठेवली. आरशासारखी लख्ख.

"ही तर धडधाकट आहेत! काढताना दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"मग?"

"उस्तादांनी उजवं म्हटल्यावर डावं उघडून बघायचं? या गॅरेजात असं कुणी केलेलं नाही. गुडघ्यांमुळे त्यांनी गाडीखाली जाणं सोडलं, नुसतं चालवून सांगायचे, आणि कधी चुकले नाहीत. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना कळत नसेल."

"वा! काय तो कान!" तिने लख्ख बेअरिंग फळीवर आदळलं. "बोल्ट ढिला झालेला दोन गल्ल्यांवरून कळायचा त्यांना. आणि शेजारी बसलेल्या मुलीने दोनदा विचारलं, तर हूं नाही की चूं नाही. दगडालाही पाझर फुटतो, दादा!"

दादाचं लक्ष नव्हतं. तो निळ्या पडलेल्या बेअरिंगकडे बघत होता.

"पण डावीकडचा एवढा आवाज त्यांना उजवीकडून कसा आला?"

"मला काय विचारता?"

"दोनेक वर्षं झाली असतील," तो सावकाश बोलू लागला. "डाव्या बाजूने पाना पुढे करून हाक मारली की बघायचेच नाहीत. मग एकदम खेकसायचे, भुतासारखा काय उभा राहतोस, तोंडाला कुलूप लावलंय का? बसायचे तेही डावा खांदा भिंतीला लावून. आम्ही हसायचो. म्हातारा तिरका झाला म्हणायचो." त्याने तेलकट बोटाने स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. "ज्याचं सगळं नाव कानावर उभं, तो कुणाला सांगेल?"

तिचा हात फळीवर तसाच राहिला.

"तू कधी विचारलं होतंस त्यांना?"

"सोडायला आले होते तेव्हा," ती म्हणाली. "गाडीत. डाव्या सीटवरून."

दादा फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. सगळी बोटं पुसून झाली तरी पुसत राहिला.

"त्या दिवशी ते इथेच आले होते, चौकातून सरळ," तो म्हणाला. "याच स्टुलावर बसले. म्हणाले, पोरीच्या मनात काहीतरी आहे रे. अख्खा रस्ता मी वाट बघत होतो. एक शब्द बोलली नाही, दार आपटून निघून गेली."