हरभऱ्यातली तांबडी रेघ

काष्टीच्या आसारामआबांच्या हरभऱ्यावर पिकांची पाहणी करणाऱ्या धनश्रीनं ड्रोन फिरवला आणि पिकाचा नकाशा मोबाईलवर दाखवला. सगळं रान हिरवंगार होतं, फक्त घरापासून वापरात नसलेल्या बिनकठड्याच्या विहिरीपर्यंत एक बारीक तांबडी रेघ गेली होती.

"रोग पडलाय का गं इथं?"

"न्हाई आबा, पीक तुडवलंय. रोज कुनीतरी विहिरीपर्यंत जातंय आन् माघारी येतंय."

"त्या विहिरीवर कोन मरायला जातंय? माझ्याबिगर घरातलं कुनी रानात पाय ठेवत न्हाई."

आबा हसतच घरी आले. सुनेनं, राजेश्वरीनं, खाली मान घालून पाण्याचा तांब्या पुढं केला.



तिच्या साडीचा खालचा काठ हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं पार विटला होता.